थायरॉइड-शुगरच्या फाईलला हृदयाचं पान जोडा

हा लेख नव्याने निदान झालेल्यांसाठी आहे. कुणाच्या हाती नुकताच टीएसएच (थायरॉइड कमी काम करू लागलं की हा आकडा वाढतो) वाढल्याचा रिपोर्ट आला असेल, कुणाला शुगर निघाली असेल, कुणाच्या लेकीला पीसीओडी (पाळी अनियमित करणारा हार्मोनचा आजार) सांगितलं असेल. गोळी सुरू होते, तीन महिन्यांनी परत दाखवायला सांगतात. हृदयाबद्दल मात्र त्या दिवशी बहुधा कुणी काही बोलत नाही. रुग्णाच्या मनात ते येत नाही, आणि बाहेर पन्नास माणसं बसलेली असताना डॉक्टरांकडेही तेवढा वेळ उरत नाही. पुढे कधीतरी गणपतीच्या धावपळीत धाप लागते आणि मग इको, अँजिओग्राफी असे शब्द पहिल्यांदा कानावर पडतात.

हार्मोनच्या आजारात हृदयावर ताण पडायला लागतो तो त्रास जाणवण्याच्या कितीतरी आधी. तो ओळखायला लागणारी बहुतेक साधनं आपल्या कोकणातल्या तालुक्यात, काही तर आपल्या घरात आहेत. ती कोणत्या क्रमाने वापरायची ते सांगतो.

आधी आपला आजार हृदयाला कुठे धरतो ते समजून घ्या

थायरॉइड कमी काम करत असेल तर नाडी मंदावते, बीपीचा खालचा आकडा वाढतो आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चढतं. आजार बराच काळ अंगावर काढला तर हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साठू शकतं. थायरॉइड जास्त काम करत असेल तर उलटं होतं. नाडी धावते, हात थरथरतात, बीपीचा वरचा आकडा वाढतो, वजन उतरतं. यातला खरा धोका म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे कप्पे लय सोडून फडफडतात, आत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. साठी ओलांडलेल्या माणसात थरथर, घाम वगैरे काही दिसतही नाही. तो नुसता वाळत जातो, गप्प होतो आणि नाडी अनियमित लागते. घरचे म्हणतात, वय झालं.

हे थायरॉइडच्या गोळीच्या (थायरॉक्सिनच्या) जास्त डोसनेही होतं, आणि ते फार जणांना माहीत नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासात, १९९४ साली छापलेल्या निष्कर्षांत, साठीच्या पुढच्या ज्या लोकांचा टीएसएच ०.१ किंवा त्याहून कमी होता, त्यांच्यात पुढच्या १० वर्षांत एट्रियल फिब्रिलेशनचं प्रमाण सुमारे तिप्पट आढळलं. म्हणून 'टीएसएच जितका कमी तितकं चांगलं' हा समज सोडा. थकवा जात नाही म्हणून स्वतःच्या मनाने थायरॉक्सिनची गोळी वाढवणारी माणसं मला भेटत राहतात, आणि त्यांची मला खरोखर काळजी वाटते.

मधुमेहाचं वेगळं. तो हृदयाच्या रक्तवाहिन्या तर बिघडवतोच, शिवाय वेदना कळवणाऱ्या नसाही बधिर करतो. त्यामुळे छातीत न दुखता अटॅक येऊन जाऊ शकतो. माणूस म्हणतो, 'काय नाय, पित्त वायच वर इलां', आणि सोडा पिऊन झोपतो. मधुमेह्याच्या बाबतीत 'छातीत दुखत नाही' या वाक्यावर मी कधीच निर्धास्त होत नाही.

पीसीओडी असलेल्या मुलींचं वय कमी असतं म्हणून हृदयाचा विषय कुणी काढत नाही. पण इन्सुलिन नीट लागू न पडणं हे या आजाराच्या मुळाशी बऱ्याचदा असतं. बीपी, शुगर आणि रक्तातली चरबी यांच्याकडे तेव्हापासूनच लक्ष द्यायला हवं. गरोदरपणात शुगर किंवा बीपी वाढलं होतं का, पाळी चाळिशीच्या आधीच गेली का, याही गोष्टी हृदयाच्या डॉक्टरांना सांगण्यासारख्या आहेत. बाया त्या सांगत नाहीत, कारण कुणी विचारत नाही.

बाकीचे आजार विरळ आहेत, पण खुणा लक्षात ठेवा. तरुण वयात बीपी, तीन गोळ्यांनीही न उतरणारं, सोबत पोटॅशियम कमी: अॅल्डोस्टेरॉन हे हार्मोन जास्त तयार होत असेल. अचानक डोकं ठणकणं, घामाने भिजणं आणि धडधड, तिन्ही एकदम आणि झटक्यांनी: अॅड्रिनल (मूत्रपिंडावरच्या) ग्रंथीची गाठ तपासावी लागते. अंगठी घट्ट होऊ लागली, चपलेचा नंबर वाढला, घोरणं वाढलं: वाढीचं हार्मोन. चेहरा गोल, पोट सुटलेलं पण हातपाय बारीक, अंगावर सहज काळे-निळे डाग: कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचंच स्टिरॉइड, जास्त. या शेवटच्यात आधी विचारायचं ते हे की सांधेदुखीची किंवा दम्याची कुठली पुडी चालू आहे का. बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर ती एकदम बंदही करू नका. बीपी कोसळून जिवावर बेतू शकतं. पुडीच घेऊन डॉक्टरांकडे जा.

मग एक आठवडा घरी मोजमाप करा

शंभर पानी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण डॉक्टरांसमोर वही उघडणं सोपं जातं.

सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवून नाडी मोजा. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण आपल्याला आकड्याइतकीच लय कळायला हवी आहे. ठोके सारख्या अंतराने पडतात का? मध्येच एखादा चुकतो का? की काही ताळमेळच लागत नाही? ताळमेळ न लागणारी नाडी दिसली तर त्याच दिवशी ईसीजी (कार्डिओग्राम) काढून घ्या. स्वस्थ बसलेले असताना नाडी रोज १०० च्या वर किंवा ५० च्या खाली असेल तरीही डॉक्टरांना दाखवा. अंगात ताप असताना घेतलेली नाडी या हिशेबात धरू नका. आणि प्रोप्रॅनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ती धडधड दाबून ठेवते, हे लक्षात असू द्या.

बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही, मिशेरी नाही. मिशेरीचं मुद्दाम लिहितो. आपल्याकडच्या कितीतरी काक्या-आज्या सकाळी मिशेरी लावतात आणि तंबाखू खाता का विचारलं तर मनापासून 'नाही' म्हणतात. मिशेरीही तंबाखूच, आणि तिने नाडी आणि बीपी दोन्ही वाढतात. लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला. दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा. पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं घ्या आणि पुढे ज्या हाताचं जास्त येतं त्याच हाताचं. घरी सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल तर ते वाढलेलं बीपी. नाडीच अनियमित असेल तर डिजिटल मशीनचा एक आकडा खरा मानू नका, तीनदा घ्या.

मधुमेह असेल तर याला एक जोड द्या. पाच मिनिटं आडवं पडून बीपी घ्या, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त खाली आला तर हृदय आणि रक्तवाहिन्यांना आवरणाऱ्या नसांना इजा झालेली असू शकते. त्याला फुकटची तपासणी म्हणा, पण ती क्वचितच केली जाते. करताना शेजारी कुणीतरी उभं असू द्या, चक्कर येऊ शकते.

वजन रोज सकाळी, एकाच काट्यावर. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगावर चढलेलं मांस नसतं, साठलेलं पाणी असतं. संध्याकाळी नडगीवर बोट दाबून खड्डा राहतो का पाहा. कंबर एकदाच मोजली तरी पुरे: बायकांत ८० सेंटिमीटर आणि पुरुषांत ९० ही आपल्या लोकांसाठीची मर्यादा.

आता धाप. शहरात डॉक्टर विचारतात, किती मजले चढता? आपल्याकडे त्यापेक्षा चांगलं माप आहे. वाडीतून रस्त्यावर किंवा देवळाकडे जाणारी जांभ्याची पाखाडी (पायऱ्यांची वाट) आपण वर्षानुवर्षं चढतोय. ती मागच्या शिमग्याला न थांबता चढत होता का? आता कुठे थांबावं लागतं? कुठल्या वळणावर? हे वहीत लिहा. पाखाडी तीच, माणूस तोच, आणि थांबायची जागा खाली सरकली असेल तर ती महत्त्वाची खूण आहे. बहुतेक लोक दम लागायला लागला की पाखाडी टाळून रिक्षाने फिरून येतात आणि मग म्हणतात, मला काही त्रास नाही. रात्री झोपताना एक उशी जास्त लागू लागली असेल, किंवा मध्यरात्री गुदमरून उठून खिडकीशी बसावं लागत असेल, तर आठवडा पुरा होण्याची वाट पाहू नका.

रक्त-लघवीच्या तपासण्या एकाच दिवशी उरका

तालुक्याच्या लॅबला जायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, म्हणून सगळं एका फेरीत करा. टीएसएच (आणि डॉक्टर सांगतील तर फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन), उपाशी पोटीची शुगर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), सोडियम-पोटॅशियम, हिमोग्लोबिन. पंडुरोगानेही धाप लागते आणि नाडी वाढते, त्यामुळे हिमोग्लोबिन वगळू नका. पीसीओडी असेल तर नुसत्या उपाशी पोटीच्या शुगरवर थांबू नका. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची तपासणी अधिक सांगते.

मधुमेह्यांनी मागून घ्यायची तपासणी म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण. हे ३० च्या वर असेल तर फक्त मूत्रपिंडाचा प्रश्न नसतो. शरीरभरच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागल्याची, आणि म्हणून हृदयाचा धोका वाढल्याची ती खूण असते. गोळ्या कोणत्या निवडायच्या हेही त्यावरून बदलू शकतं. एकदा वाढलेलं आलं तर ताप, लघवीचा जंतुसंसर्ग वगैरे नसताना पुन्हा करून खात्री करतात.

दोन अडचणी इथे नेहमी येतात. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइडचा रिपोर्ट फसवा येऊ शकतो: टीएसएच खोटा कमी, टी-४ खोटा जास्त. तपासणीच्या निदान दोन दिवस आधी त्या थांबवा आणि लॅबमध्ये सांगा. दुसरं म्हणजे कोलेस्टेरॉल. थायरॉइड कमी असताना एलडीएल वाढलेलं आलं तर आधी थायरॉइड ताळ्यावर येऊ द्या, मग तो आकडा पुन्हा पाहा. बऱ्याच जणांचा तो आपोआप उतरतो. थायरॉइड कमी असताना स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) घेतलं तर पायांचे स्नायू दुखण्याची शक्यताही जास्त. मधुमेह्यांचा हिशेब मात्र वेगळा: सोबत इतर धोके असतील तर एलडीएल ७० च्या खाली ठेवायला सांगतात, आणि तिथे चालढकल करून चालत नाही.

कार्डिओग्राम बरे असताना काढा

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. काहीही त्रास नसताना एक ईसीजी काढून ठेवा. ग्रामीण रुग्णालयात तो निघतो.

त्याने दोन गोष्टी साधतात. लय बिघडली असेल, जुना न कळलेला अटॅक येऊन गेला असेल किंवा हृदयाची भिंत जाड झाली असेल तर काही वेळा त्यातच दिसतं. आणि पुढे कधी रात्री अपरात्री छातीत भरून आलं, तर समोरचा डॉक्टर नव्या पट्टीशेजारी जुनी पट्टी ठेवून पाहू शकतो. एखादा बदल आजचा आहे की पाच वर्षांपूर्वीचा, हे त्याशिवाय ठरवणं कठीण जातं, आणि कोल्हापूर किंवा गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात पाठवायचं की नाही हा निर्णय त्यावर अडतो.

ईसीजीचा कागद बहुधा थर्मल असतो. आपल्या दमट हवेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तो एक-दोन पावसाळ्यांत पुसट होतो. त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो घ्या आणि मुंबईच्या मुलालाही पाठवून ठेवा. कागदावर नाव, वय, तारीख आणि त्या दिवशी कोणती गोळी चालू होती ते पेनाने लिहा.

ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हृदय ठणठणीत, असं मात्र नाही. धडधड येऊन-जाऊन असेल तर ती नेमकी त्या दहा सेकंदांत सापडेलच असं नाही. त्यासाठी २४ तास किंवा जास्त वेळ अंगावर लावून ठेवायचं होल्टर यंत्र असतं.

थायरॉइडचं ऑपरेशन झालेल्यांसाठी एक सूचना. बोटांच्या टोकांना, ओठांभोवती मुंग्या येत असतील तर कॅल्शियम कमी झालं असेल, आणि त्यानेही ईसीजी बदलतो. दोन्ही तपासा.

टूडी इको कुणी करावा आणि रिपोर्ट कसा वाचावा

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. ती सगळ्यांना लागत नाही. नाडी अनियमित असेल, ईसीजीत बदल असेल, धाप किंवा पायाला सूज असेल, डॉक्टरांना हृदयात मर्मर (जादा आवाज) ऐकू आला असेल, बीपी बरीच वर्षं वाढलेलं असेल किंवा वाढीचं हार्मोन, कॉर्टिसॉल, अॅल्डोस्टेरॉन यांपैकी काही निघालं असेल, तर इको करावा. ज्यांना इकोसाठी लांब जावं लागतं अशा मधुमेह्यांनी डॉक्टरांना हृदयावरचा ताण दाखवणाऱ्या एनटी-प्रोबीएनपी या रक्ततपासणीबद्दल विचारावं. ती १२५ च्या वर आली तर इको करून पाहणं योग्य. ही तपासणी महाग पडते. वय, मूत्रपिंडाचा आजार आणि फिब्रिलेशन यांनी तिचा आकडा चढतो, लठ्ठपणाने उतरतो. म्हणून तिचा अर्थ डॉक्टरांनीच लावायचा.

इकोच्या रिपोर्टात सगळे एकच आकडा शोधतात: ईएफ. ६० टक्के दिसला की फाईल बंद. पण ईएफ सांगतो हृदय आकुंचन किती पावतं ते. हार्मोनच्या आजारात बऱ्याचदा आधी बिघडतं ते सैल होणं. म्हणून खाली लिहिलेल्या ओळी वाचा. 'डायस्टोलिक डिसफंक्शन', म्हणजे सैल होण्यातला बिघाड, लिहिलं आहे का आणि कोणत्या ग्रेडचं? 'एलव्हीएच', म्हणजे भिंत जाड झालीय का? डावा वरचा कप्पा, 'एलए', मोठा झालाय का? 'पेरिकार्डियल इफ्युजन', म्हणजे हृदयाभोवती पाणी, आहे का? यातलं काही असेल आणि डॉक्टर फक्त 'ईएफ चांगला आहे' म्हणाले, तर अदबीने पण नक्की विचारा: "डॉक्टर, या ओळीचं काय करायचं?" ग्रेड १ उतारवयात पुष्कळांना असतो, त्याने घाबरू नका. पण चाळिशीत, शुगर आणि बीपीसोबत असेल तर लक्ष देण्यासारखा आहे.

स्ट्रेस टेस्ट (चालत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) प्रत्येकाने करायची गोष्ट नाही. लक्षणं किंवा ईसीजीत शंका असेल तर डॉक्टर सांगतील. पॅकेजमध्ये स्वस्तात मिळते म्हणून करून घेऊ नका. थायरॉइड खूप वाढलेलं असताना तर आधी ते आटोक्यात आणावं.

गोळ्यांबद्दल विचारायचं ते

थायरॉक्सिन सकाळी उपाशी पोटी, पाण्याबरोबर, आणि नंतर निदान अर्धा तास चहा नाही. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांनी. डोस बदलला की टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी. त्याआधी केलेली तपासणी बहुतेक वाया जाते. वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास आधीच असेल तर डॉक्टर २५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी डोसने सुरुवात करून हळूहळू वाढवतात. 'एवढीशी गोळी काय करणार' असं म्हणत शेजारच्या काकूंची १०० ची गोळी सुरू करू नका.

पावसाळ्याआधी महिन्याभराच्या गोळ्या घरात आणून ठेवा. दरड कोसळून घाट बंद होतो, एसटी येत नाही, आणि चार दिवस गोळी चुकते. बीपीची आणि फिब्रिलेशनची गोळी अशी तुटणं थायरॉक्सिनपेक्षाही वाईट.

जेवणाबद्दल थोडक्यात: मासे खा, ताजे. सुकट, सुके बोंबील, खारवलेला बांगडा, लोणचं आणि पापड यांतलं मीठ मोजलं की दिवसाची ५ ग्रॅमची मर्यादा पेज संपायच्या आधीच ओलांडलेली असते.

कुठे जायचं

गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात तिशीच्या पुढच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासणी मोफत होते. आशा ताईंना विचारलं तर दिवस सांगतील. तिथूनच ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलताही येतं. पुढची पायरी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, मग जिल्ह्याचं ठिकाण: रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबाग. चिपळूणकडच्यांना डेरवणचं वालावलकर रुग्णालय जवळ पडतं, सावंतवाडी-दोडामार्गकडचे बांबोळीला जातात, वैभववाडी-कणकवलीकडचे घाट चढून कोल्हापूरला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते अँजिओप्लास्टीसारख्या दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी. रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स त्याच फाईलमध्ये ठेवा.

ज्यांचा हार्मोनचा डॉक्टर मुंबईला आणि बीपीचा डॉक्टर गावात आहे, त्यांनी दोन फाईली करू नयेत. एकच ठेवा, पहिल्या पानावर आजारांची नावं, गोळ्यांची नावं-डोस, आणि शेवटच्या टीएसएच, एचबीए१सी, एलडीएल आणि ईसीजीच्या तारखा. सगळं ठीक आलं तर बीपी-नाडी महिन्याला एकदा, रक्त-लघवी आणि ईसीजी वर्षाने. काही वावगं निघालं तर किती दिवसांनी यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

हे दिसलं तर वही बाजूला ठेवा

छातीवर दडपण, जबडा-खांदा-डाव्या हाताकडे जाणारी कळ, दरदरून घाम, एकाएकी धाप, शुद्ध हरपणं. मधुमेह्यात नुसता घाम, उलटी, कारण नसलेला प्रचंड थकवा एवढंही पुरेसं आहे. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं हेही यातच. १०८ ला फोन करा. माणसाला पाखाडी चालत चढायला लावू नका; खुर्चीवर बसवून चौघांनी उचलून रस्त्यावर आणा. सोडा, ओवा, सरबत देत बसू नका. शुगरचं मशीन घरात असेल तर शुगर पाहा, कमी असेल आणि शुद्ध असेल तर साखरपाणी द्या. दवाखान्यात पोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा, नंबर लावून बसू नका, काउंटरवर सांगा, "यांना शुगर आहे, घाम फुटलाय, जुना कार्डिओग्राम फाईलमध्ये आहे."